त्याच आकाशाकडे पुन्हा पुन्हा

आपल्या आकाशगंगेचे चित्र काढायला सांगितले, तर बहुतेक जण सर्पिल भुजा असलेली एक चपटी तबकडी काढतील. ते चित्र चुकीचे नाही, पण अपुरे आहे. या तबकडीच्या वर, खाली आणि चहूबाजूंना तीन लाख प्रकाशवर्षांच्याही पलीकडे ताऱ्यांचा एक अतिशय विरळ, ढोबळमानाने गोलाकार विस्तार पसरलेला आहे. त्याला प्रभामंडल म्हणतात. आकाशगंगेतील एकूण ताऱ्यांपैकी जेमतेम एखाद-दोन टक्के तारे तिथे आहेत. मात्र आकाशगंगा कशी घडली, तिने कोणकोणत्या लहान दीर्घिका पोटात घेतल्या आणि तिच्याभोवती डोळ्यांना न दिसणारे कृष्णद्रव्य किती आहे, या प्रश्नांची उत्तरे मुख्यतः याच थोड्या ताऱ्यांकडून मिळतात. अडचण अशी की, प्रभामंडलातील तारा आणि तबकडीतला जवळचा तारा हे दोन्ही आकाशात सारखेच ठिपके दिसतात. कोणता ठिपका किती दूर आहे, हे नुसत्या छायाचित्रावरून कळत नाही.

ही अडचण सोडवणारे तारे म्हणजे आरआर लायरी जातीचे रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणारे तारे. त्यांचा सर्वेक्षणातून शोध कसा घेतला जातो आणि विदर्भातल्या एखाद्या खेड्यातून त्या कामाला हातभार कसा लावता येतो, याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रस पट्ट्यातील एका गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. घराच्या स्लॅबवर आठ इंची परावर्ती दुर्बीण आणि तिला जोडलेला एक लहान कॅमेरा आहे. बाकीचे काम लॅपटॉपवर होते.

आरआर लायरी तारे म्हातारे आहेत, त्यांचे वय दहा अब्ज वर्षांहून अधिक असते. त्यांचे वस्तुमान सूर्याच्या साधारण ६० ते ८० टक्के असते. गाभ्यातील हायड्रोजन केव्हाच संपलेला असून तिथे आता हेलियमचे ज्वलन चालू असते. ताऱ्याच्या पृष्ठभागाखाली एक थर असा असतो की, तेथील हेलियमचे अणू आपला दुसरा इलेक्ट्रॉन गमावण्याच्या बेतात असतात. तारा आकुंचन पावतो तेव्हा या थराची अपारदर्शकता कमी होण्याऐवजी वाढते, आतून येणारी ऊर्जा तिथे अडते, दाब वाढतो आणि थर बाहेर ढकलला जातो. प्रसरण झाल्यावर अडलेली ऊर्जा निसटून जाते आणि थर पुन्हा खाली येऊ लागतो. हे चक्र ठरावीक वेळाने, लाखो वर्षे चालू राहते. एका चक्राला लागणारा वेळ, म्हणजे आवर्तकाल, साधारण पाच तासांपासून एका दिवसापर्यंत असतो. महत्त्वाची गोष्ट ही की, या सर्व ताऱ्यांची सरासरी अंगभूत तेजस्विता जवळपास सारखी असते, म्हणजे सूर्याच्या चाळीस-पन्नास पट. ताऱ्याचे तेज ‘प्रती’त मोजतात आणि प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. सर्व तारे एकाच ठरावीक अंतरावर ठेवले तर दिसेल ती निरपेक्ष प्रत; ती या ताऱ्यांची सुमारे +०.६ असते. त्यामुळे तारा या जातीचा आहे एवढे एकदा सिद्ध झाले की, तो किती मंद दिसतो यावरून त्याचे अंतर काढता येते. पंधराव्या प्रतीचा असेल तर सुमारे २५ हजार प्रकाशवर्षे, २०.६ प्रतीचा असेल तर सव्वातीन लाख प्रकाशवर्षे.

या जातीला नाव देणारा मूळ तारा स्वरमंडल तारकासमूहात, अभिजित आणि हंस यांच्या दरम्यान आहे. त्याची प्रत ७.१ ते ८.१ या दरम्यान बदलते, म्हणून तो साध्या द्विनेत्रीतूनही दिसतो. त्याचा आवर्तकाल १३ तास ३६ मिनिटे, म्हणजे ०.५६७ दिवस. तो शोधला विल्यमिना फ्लेमिंग यांनी. स्कॉटलंडमधून अमेरिकेत आलेल्या या बाई हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांच्या घरी घरकाम करीत होत्या. पुढे त्याच वेधशाळेत त्यांनी छायाचित्रणाच्या हजारो काचपट्ट्या तपासल्या आणि त्यातून शेकडो रूपविकारी तारे हुडकून काढले. त्याच काळात सोलन बेली यांनी पेरू देशातील आरेकीपा येथून गोलाकार तारकागुच्छांची, म्हणजे जुन्या ताऱ्यांच्या दाट पुंजक्यांची छायाचित्रे घेतली आणि एकट्या ओमेगा सेंटॉरी गुच्छात शंभरहून अधिक रूपविकारी तारे शोधले. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅप्ली यांनी या ताऱ्यांच्या आधारे गोलाकार गुच्छांची अंतरे काढली आणि १९१८ साली दाखवून दिले की, गुच्छांच्या या पसाऱ्याचे केंद्र सूर्यापाशी नसून धनु राशीच्या दिशेला फार दूर आहे. अवकाशातील धुळीमुळे त्यांचे अंतर दुपटीच्या आसपास जास्त आले, तरी सूर्य आकाशगंगेच्या मध्यभागी नाही हा निष्कर्ष कायम राहिला. ओमेगा सेंटॉरी आमच्या गावातून उन्हाळ्यात दक्षिण क्षितिजापासून सुमारे २२ अंशांवर येतो आणि स्वच्छ रात्री नुसत्या डोळ्यांनी धूसर ठिपक्यासारखा दिसतो. युरोपातील बहुतेक वेधशाळांना हे भाग्य नाही.

फ्लेमिंग आणि बेली यांची रीत आणि आजच्या सर्वेक्षणाची रीत तत्त्वतः एकच आहे: आकाशाचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा टिपायचा आणि कोणता ठिपका बदलला ते पाहायचे. काचपट्टीच्या जागी अंकीय कॅमेरा आला, माणसाच्या नजरेच्या जागी संगणक आला आणि आकाशाचा तुकडा फार मोठा झाला. कॅलिफोर्नियातील पालोमार येथे २०१८ पासून चाललेल्या झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी या सर्वेक्षणाचा कॅमेरा एका छायाचित्रात ४७ चौरस अंश आकाश टिपतो. पूर्ण चंद्रबिंब सुमारे ०.२ चौरस अंशाचे असते, यावरून अंदाज यावा. तीस सेकंदांच्या उद्भासनात त्यात २०.५ प्रतीपर्यंतचे तारे उमटतात, म्हणजे तीन लाख प्रकाशवर्षांच्या आसपासचे आरआर लायरी तारे त्याच्या आवाक्यात येतात.

एवढ्या कोट्यवधी ठिपक्यांमधून हवे ते तारे निवडायचे कसे? पहिली चाळणी रंगाची. आरआर लायरी ताऱ्यांचे पृष्ठतापमान सहा ते साडेसात हजार केल्विन असते, त्यामुळे प्रभामंडलातील बहुसंख्य ताऱ्यांपेक्षा ते थोडे निळसर दिसतात. या चाळणीतून क्वासारही, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांची प्रखर केंद्रेही निसटून आत येतात, परंतु त्यांच्या तेजात बदल होत असले तरी त्या बदलांना नियमित आवर्तन नसते. त्याहून फसवे असतात ते एकमेकांना चिकटून फिरणारे ग्रहणकारी जोडतारे. त्यांचेही आवर्तकाल काही तासांचेच असतात. त्यांना वेगळे काढण्याची खरी कसोटी म्हणजे प्रकाशवक्राचा, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या तेजाच्या आलेखाचा आकार. आरआर लायरी ताऱ्यांच्या मुख्य उपप्रकारात तेज दोन-अडीच तासांत झपाट्याने चढते आणि मग उरलेला सगळा काळ हळूहळू उतरत राहते. आलेख करवतीच्या दात्यासारखा दिसतो. दुसऱ्या उपप्रकारात आवर्तकाल कमी, चढउतार लहान आणि वक्र बराचसा समतोल असतो, त्यामुळे जोडताऱ्यांशी गल्लत तिथेच अधिक होते.

आता या सगळ्यातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. सर्वेक्षण एका ताऱ्याला एका रात्री सहसा एकदाच, फार तर दोन-तीनदा भेट देते. तारा मात्र एका दिवसात जवळपास दोन चक्रे पूर्ण करतो. म्हणजे हाती येतात ती चक्रांमधली सुटी सुटी टिपणे, आणि त्यातून आवर्तकाल शोधावा लागतो. त्यासाठी एक आवर्तकाल गृहीत धरून सर्व टिपणे त्या एका चक्रावर रचून पाहतात. गृहीत बरोबर असेल तर विखुरलेले बिंदू अचानक एका नीट वक्रावर येऊन बसतात. लाफ्लर आणि किनमन यांनी १९६५ साली ही पद्धत संगणकासाठी सुटसुटीत करून दिली आणि तिचे वारस आजही वापरात आहेत. पण तिच्यात एक सापळा आहे. एकाच ठिकाणाहून, रोज साधारण त्याच वेळी टिपणे घेतली, तर ०.५६७ दिवसाचा आवर्तकाल, ०.३६२ दिवसाचा आवर्तकाल आणि १.३०९ दिवसांचा आवर्तकाल या तिघांतून जवळजवळ सारखेच बिंदू मिळतात. कारण सोपे आहे. पहिल्या ताऱ्याची दिवसाला १.७६४ चक्रे होतात, दुसऱ्याची २.७६४ आणि तिसऱ्याची ०.७६४; चोवीस तासांनी पाहणाऱ्याला फक्त अपूर्णांकातला .७६४ दिसतो, मधली पूर्ण चक्रे दिसतच नाहीत.

या सापळ्यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही आपल्या हातातले आहेत. पहिला म्हणजे एकाच रात्रीत सलग सात-आठ तास तोच तारा टिपत राहणे. मोठ्या सर्वेक्षणाला हे परवडत नाही, कारण त्याला सगळे आकाश पाहायचे असते. आपल्या स्लॅबवरच्या दुर्बिणीला दुसरे काही पाहण्याची घाई नसते. दुसरा मार्ग म्हणजे वेगळ्या रेखांशावरून पाहणे. पालोमार आणि यवतमाळ यांच्या रेखांशांत जवळपास १९५ अंशांचा फरक आहे, म्हणून कोणताही तारा तिथे माथ्यावर येण्याच्या सुमारे १३ तास आधी आमच्याकडे माथ्यावर येतो. समजा, पालोमारला एखादा तारा ऐन तेजात दिसला. त्याचा खरा आवर्तकाल ०.५६७ दिवस असेल, तर तेरा तास आधी आमच्याकडूनही तो जवळजवळ ऐन तेजातच दिसायला हवा; ०.३६२ असेल तर आमच्याकडून तो चक्राच्या मध्यावर, बराच मंद दिसेल. एका रात्रीच्या टिपणात निकाल लागतो. अपवाद बरोबर अर्ध्या दिवसाच्या आसपासच्या आवर्तकालाचा: अशा ताऱ्याची दोन्ही ठिकाणांहून जवळपास तीच अवस्था दिसते, आणि तिथे पहिलाच मार्ग उपयोगी पडतो. लडाखमध्ये हानले येथे ०.७ मीटर व्यासाची ग्रोथ-इंडिया दुर्बीण उभारण्यामागेही भारताच्या रेखांशाचा हाच फायदा होता. पृथ्वी फिरत असताना निरीक्षणाची साखळी तुटू नये, हा त्या प्रकल्पाचा हेतू.

शेजारच्या शेताचे मालक रानडुकरांच्या भीतीने तुरीत जागलीला जातात. जाताना ते आमच्या अंगणात थांबतात. "सर, तोच तो तारा रोज रोज काय पाहून राह्यले तुम्ही?" असे त्यांनी एकदा विचारले, तेव्हा त्यांना वरचे सगळे शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितले. त्यांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, "मंग आभाळ आलं त त्या दिवसाचं काय?" प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा होता. आभाळामुळे पडलेले खंड नुकसान करतातच, पण ते अनियमित असल्यामुळे वर सांगितलेला सापळा थोडा सैलही करतात. रोज ठोक्याला घेतलेल्या टिपणांपेक्षा आज संध्याकाळी, परवा पहाटे, मग आठवड्याने मध्यरात्री अशी विस्कळीत टिपणे आवर्तकाल ठरवण्यास अधिक उपयोगी असतात. एवढेच की, जून ते सप्टेंबर हा पावसाळ्याचा सलग खंड मात्र काही केल्या भरून निघत नाही.

अशा सर्वेक्षणांतून काय हाती आले? विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत प्रभामंडल म्हणजे केंद्रापासून दूर जाताना सारख्या क्रमाने विरळ होत जाणारा एक गुळगुळीत विस्तार, असाच समज होता. १९९४ साली धनु राशीत आकाशगंगेच्या केंद्राच्या पलीकडे एक बटू दीर्घिका सापडली आणि ती आपल्या आकाशगंगेच्या गुरुत्वाने ओढली जाऊन फाटत असल्याचे दिसून आले. पुढे स्लोन या अमेरिकेतील आकाश सर्वेक्षणात आरआर लायरी ताऱ्यांची अनपेक्षित दाटी आढळली, ती या फाटलेल्या दीर्घिकेच्या शेपटीचाच भाग असल्याचे लक्षात आले. ही शेपटी सबंध आकाशाला वळसा घालते आणि तिचे टोक आता तीन लाख प्रकाशवर्षांच्याही पुढे मोजले गेले आहे. २००१ साली व्हेनेझुएलातून, एक मीटरच्या श्मिट दुर्बिणीने चाललेल्या क्वेस्ट सर्वेक्षणाला कन्या राशीत सुमारे ६५ हजार प्रकाशवर्षांवर आणखी एक दाटी सापडली. एप्रिल-मे महिन्यांत, अंगणात बाजा टाकून झोपण्याच्या दिवसांत, चित्रा नक्षत्राच्या आसपासचा जो भाग आपल्या डोळ्यांसमोर असतो, त्याच दिशेला ही दाटी आहे. कुण्या जुन्या दीर्घिकेचे ते अवशेष आहेत. सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी आकाशगंगेत विलीन झालेल्या गाया-एन्सेलाडस या मोठ्या दीर्घिकेशी काही अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात.

हवाई बेटांवरून चाललेल्या पॅन-स्टार्स सर्वेक्षणाने सुमारे ४५ हजार आरआर लायरी ताऱ्यांची अंतरे तीन टक्क्यांच्या अचूकतेने दिली. ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या गाया या युरोपीय उपग्रहाच्या २०२२ सालच्या तिसऱ्या संग्रहात अशा ताऱ्यांची संख्या २.७ लाखांवर गेली, आणि त्यांतील बहुतेकांची आकाशातील सरकण्याची गतीही आपल्याला मिळाली. प्रकाशवक्राच्या आकारावरून ताऱ्यातील लोहाचे प्रमाणही अजमावता येते. प्रभामंडलातील ठराविक ताऱ्यात ते सूर्याच्या तुलनेत जेमतेम तीन टक्के भरते. अंतर, गती आणि रासायनिक जडणघडण ही तिन्ही एका ताऱ्याबद्दल कळली की, तो मुळात कोणत्या दीर्घिकेतून आला असावा याचा माग लावता येतो. एवढे सगळे ज्ञान ज्यातून मिळते तो ठिपका स्लॅबवरच्या पडद्यावर चार-पाच पिक्सेलचा असतो, आणि तरीही रात्रीतून त्याचे तेज दुप्पट झालेले आपल्या डोळ्यांदेखत दिसते. मला यातून जो आनंद होतो, तो पुस्तकातली आकडेवारी वाचून झाला नव्हता.

आमच्या गावी काम कसे चालते ते आता सांगतो. पालोमारच्या आणि गायाच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. त्यांतून चौदाव्या-पंधराव्या प्रतीपर्यंतचे, आवर्तकालाविषयी शंका असलेले तारे मी निवडतो. दिवाळीनंतरच्या रात्री लांब आणि स्थिर असतात, पण मध्यरात्रीनंतर दव इतके पडते की, दुर्बिणीच्या आरशाभोवती उबेची पट्टी गुंडाळल्याशिवाय भागत नाही. कापसाची वेचणी आणि सोयाबीनची मळणी चालू असेपर्यंत हवेत धूळ राहते, म्हणून जवळच्या स्थिर ताऱ्यांशी तुलना करूनच प्रत ठरवावी लागते. धूळ सगळ्यांनाच सारखी झाकते, तुलनेचा आकडा बदलत नाही. शेतपंपांची लाईन बहुधा रात्री येते आणि तिच्यासोबत व्होल्टेज खालीवर होते, त्यामुळे दुर्बिणीची मोटर वेगळ्या बॅटरीवर चालवलेली बरी. प्रत्येक छायाचित्राची वेळ आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळेत लिहायची. त्यानंतर एक दुरुस्ती राहते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्याने वर्षाच्या एका बाजूला ती ताऱ्याच्या थोडी जवळ असते, दुसऱ्या बाजूला थोडी दूर. ताऱ्याचा प्रकाश त्यामुळे सव्वाआठ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोहोचतो. सर्व वेळा सूर्याच्या ठिकाणच्या वेळेत बदलल्याशिवाय एका हंगामाचा वक्र दुसऱ्या हंगामावर नीट बसत नाही.

काही तारे एवढे करूनही बसत नाहीत. त्यांच्या चक्राची उंची आणि आकार आठवड्यागणिक बदलत जातो. रशियन खगोलशास्त्रज्ञ सेर्गेई ब्लाझ्को यांनी १९०७ साली हा परिणाम नोंदवला. खुद्द आरआर लायरी ताऱ्यात असा फेरा सुमारे ४० दिवसांचा आहे. शंभरहून अधिक वर्षे उलटली तरी त्याच्या कारणाविषयी एकमत नाही. असे तारे सर्वेक्षणाच्या विरळ नोंदींत नुसते गोंधळलेले दिसतात; महिनोन्महिने जवळून पाहिल्यावरच त्यांचा स्वभाव कळतो.

विदर्भात अशा कामासाठी हवा असलेला अंधार अजून शिल्लक आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातील भागाला २०२४ च्या जानेवारीत भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, याचा मला फार अभिमान वाटतो. पण त्याच वेळी गावोगावच्या ग्रामपंचायती रस्त्यांवर वर तोंड केलेले पांढरे एलईडी दिवे लावत आहेत. दिव्याला वरून झाकण असले आणि उजेड थोडा पिवळसर असला, तर रस्ताही दिसतो आणि आकाशही राहते. हा विषय ग्रामसभेत मांडण्यासारखा आहे.

चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेने २०२५ च्या जूनमध्ये आपली पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. ८.४ मीटरचा आरसा आणि ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन ती दहा वर्षे दक्षिणेचे आकाश पुन्हा पुन्हा टिपणार आहे, आणि एकेका तुकड्याला सुमारे आठशे भेटी देणार आहे. एका छायाचित्रात तिला चोविसाव्या प्रतीच्याही पलीकडचे तारे दिसतील, म्हणजे प्रभामंडलाच्या अगदी कडेपर्यंतचे आरआर लायरी तारे मोजले जातील. अशा वेळी आठ इंची दुर्बिणीचे काय काम, असे एका विद्यार्थ्याने विचारले. उत्तर कॅमेऱ्यातच आहे: एवढ्या मोठ्या आरशाला पंधराव्या प्रतीचा तारा इतका तेजस्वी पडतो की, त्याचे पिक्सेल भरून वाहू लागतात आणि मोजमाप निरुपयोगी ठरते. शिवाय स्वरमंडल, हंस, शौरी यांसारखे उत्तरेचे समूह तिच्या मुख्य क्षेत्राबाहेर राहतात. २५ हजार प्रकाशवर्षांच्या आतले आणि उत्तर आकाशातले आरआर लायरी तारे त्यामुळे लहान दुर्बिणींकडेच राहणार आहेत.

यंदा पाऊस ओसरला की नववी-दहावीच्या मुलांना घेऊन द्विनेत्रीने मूळ आरआर लायरी ताऱ्यापासून सुरुवात करणार आहे. शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी तुलना करून दर अर्ध्या तासाला प्रत लिहायची, एवढेच काम. मार्चपासून श्यामशबल समूहातील एम ३ गुच्छ रात्री जवळजवळ माथ्यावर येतो. त्यात दोनशेहून अधिक आरआर लायरी तारे आहेत आणि ते सगळे सुमारे ३४ हजार प्रकाशवर्षांवर, म्हणजे आठ इंची दुर्बिणीच्या जेमतेम आवाक्यात आहेत. गुच्छाच्या कडेचे, गर्दीतून सुटे दिसणारे तारे निवडले तर काम होते. ज्यांच्याकडे दुर्बीण आहे त्यांनी आपली टिपणे अमेरिकेतील रूपविकारी तारा निरीक्षकांच्या संघटनेकडे, म्हणजे १९११ पासून चालत आलेल्या एएव्हीएसओकडे पाठवावीत. ती कोणाही हौशी निरीक्षकाची टिपणे स्वीकारते. पाठवताना तुलनेसाठी कोणते तारे घेतले, कोणता फिल्टर वापरला आणि वेळ कशी दुरुस्त केली, हे तिन्ही सोबत लिहायला विसरू नये.